प्रशिक्षकाचा स्वभाव आणि घडणारा खेळाडू: गोव्यातील मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शक

गोव्यात मुलांना फुटबॉल शिकवणारा माणूस बहुधा तिघांपैकी एक असतो: क्लबसाठी किंवा गावासाठी खेळून थांबलेला खेळाडू, शाळेतील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणारा हौशी तरुण. सरावाची आखणी कशी करावी, पास आणि फर्स्ट टच (येणाऱ्या चेंडूला पायाचा पहिला स्पर्श) कसा शिकवावा, हे त्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून वर चढत जाणाऱ्या अभ्यासक्रमांतून शिकता येते. स्वतःच्या स्वभावाचे मैदानावर काय करायचे, हे मात्र तो सहसा आपल्या जुन्या प्रशिक्षकाकडे पाहून ठरवतो. ते सर ओरडत असतील तर तोही ओरडतो, आणि त्या ओरडण्यानेच आपण घडलो असा त्याचा प्रामाणिक समज असतो. त्याच ओरडण्याने जी मुले खेळ सोडून गेली ती पुढे प्रशिक्षक झाली नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू मैदानावर कधी ऐकू येत नाही.

पुढील मार्गदर्शन आठ ते सोळा वर्षे वयाच्या मुलामुलींना शिकवणाऱ्यांसाठी आहे. त्यामागील भूमिका अशी की प्रौढ माणसाचा स्वभाव एका हंगामात बदलत नाही आणि तशी अपेक्षा धरण्यातही अर्थ नाही. परंतु मुलापर्यंत प्रत्यक्षात पोहोचते ती वागणूक, आणि वागणूक आधी ठरवता येते, तिची नोंद ठेवता येते, तिला मैदानावरील व्यवस्थेचा बांध घालता येतो. तापट माणसाने शांत व्हावे असे येथे म्हटलेले नाही. त्याने आपला ताप कोणत्या क्षणी मैदानाबाहेर ठेवायचा हे आधीच ठरवावे, एवढेच म्हटले आहे.

आधी मोजमाप ठरवा

प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यातील डेम्पो क्लबने २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय पातळीवरील लीग पाच वेळा जिंकली. व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकाचे मोजमाप विजेतेपदांनी होते आणि ते रास्त आहे, कारण तेथील खेळाडू घडून आलेले असतात व खेळणे हाच त्यांचा रोजगार असतो. हेच मोजमाप बारा वर्षांखालील संघाला लावले की प्रशिक्षकाचा स्वभाव चुकीच्या दिशेने ताणला जातो: उंच मुलांना पुढे ठेवायचे, चेंडू लांब मारायचा, लहानखुऱ्या मुलांना बेंचवर बसवायचे आणि चषक घेऊन छायाचित्र काढायचे. तो चषक पंचायतीच्या कपाटात राहतो आणि बेंचवरची मुले दहावीच्या आधीच मैदानावर दिसेनाशी होतात.

मुलांच्या प्रशिक्षकासाठी अधिक प्रामाणिक मोजमाप म्हणजे मागील हंगामातील किती मुले या हंगामात परत आली. या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेतील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून मुलांच्या बेसबॉल संघांवर केला. खेळ वेगळा असला तरी प्रशिक्षक आणि मूल यांच्यातील व्यवहार तोच आहे, म्हणून त्यांचे निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत. प्रोत्साहन कसे द्यावे आणि चुकीला प्रतिसाद कसा द्यावा याचे काही तासांचे प्रशिक्षण त्यांनी काही प्रशिक्षकांना दिले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अशा प्रशिक्षकांच्या संघांतील ५ टक्के मुलांनी पुढील हंगामात खेळणे सोडले, तर प्रशिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होते. दोन्ही गटांच्या जय-पराजयांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचे नाव लिहावे. शेवटी त्याच यादीकडे परत यायचे आहे.

पहिली पायरी: आपण मैदानावर कसे वागतो याची नोंद घ्या

स्मिथ आणि स्मॉल यांच्या कामातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा की प्रशिक्षकांना स्वतःच्या वागणुकीचा अंदाज फारच कमी होता. आपण किती वेळा शाबासकी देतो, किती वेळा सूचना करतो, याविषयी त्यांनी दिलेली उत्तरे निरीक्षकांच्या नोंदींशी जुळली नाहीत. मुलांनी दिलेली उत्तरे त्यापेक्षा जास्त जुळली. म्हणून ‘मी फारसा ओरडत नाही’ हे प्रशिक्षकाचे विधान पुरावा म्हणून धरता येत नाही. नोंद बाहेरूनच यायला हवी.

ती घेण्याच्या दोन साध्या पद्धती आहेत. पहिली अशी की सरावाच्या वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो खिशात ठेवावा आणि घरी गेल्यावर संपूर्ण तास एकट्याने ऐकावा. ऐकताना कोणत्या मुलाचे नाव किती वेळा घेतले ते यादीसमोर रेघ ओढून मोजावे. ज्याच्यासमोर एकही रेघ नाही असे एखादे मूल जवळजवळ प्रत्येक संघात निघते. ते बहुधा मध्यम खेळणारे, वेळेवर येणारे, काहीही त्रास न देणारे मूल असते, आणि न सांगता खेळ सोडणाऱ्यांतही तेच असते. दुसरी पद्धत अशी की ज्याचे स्वतःचे मूल संघात नाही अशा जाणकार माणसाला, उदाहरणार्थ शेजारच्या वाड्यावरील प्रशिक्षकाला, वही घेऊन बसवावे आणि पाच रकाने द्यावेत: चांगल्या कृतीनंतर दाद, चुकीनंतर धीर, चुकीनंतर तांत्रिक सूचना, चुकीनंतर राग किंवा टोमणा, आणि चांगले करूनही काहीच न बोलणे. स्मिथ आणि स्मॉल यांच्या मूळ निरीक्षणपद्धतीत बारा प्रकार आहेत. संध्याकाळच्या मैदानावर पाच पुरतात.

शेवटचा रकाना लोक विसरतात. रागाचे आकडे पाहून प्रशिक्षक ओशाळतो, पण चांगल्या कृतीनंतरच्या शांततेचे आकडे सहसा त्याहून मोठे असतात. दोन-तीन सरावांची व एका सामन्याची नोंद घ्यावी, कारण सामन्यातील माणूस आणि सरावातील माणूस पुष्कळदा वेगळे असतात.

दुसरी पायरी: आपला कल ओळखा

नोंदी हातात आल्या की आपण कोणत्या बाजूला झुकतो हे दिसू लागते. पुढील वर्णने निदान म्हणून वाचू नयेत. बहुतेक माणसांत एकाहून अधिक कल मिसळलेले असतात.

तापट प्रशिक्षकाविषयी सर्वाधिक बोलले जाते. त्याच्या संघात सुरुवातीला शिस्त दिसते, मुले धावतात, आणि लहान वयोगटात सामनेही जिंकले जातात, त्यामुळे आपली पद्धत बरोबर असल्याचा पुरावाच त्याला मिळतो. नुकसान दिसायला वेळ लागतो. ओरडा खाण्याची भीती असलेले मूल एकास एक अशा स्थितीत ड्रिबल करत नाही, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवत नाही, मधल्या भागात पाठीवर प्रतिस्पर्धी असताना पास मागत नाही, आणि चेंडू पायाशी आला की तो लवकरात लवकर दुसऱ्याकडे ढकलते. म्हणजे जोखीम घेऊनच शिकता येतात अशी नेमकी तीच कौशल्ये त्याच्या खेळातून गळतात. सोळाव्या वर्षी हाच मुलगा मोठ्या क्लबच्या निवड चाचणीला जातो तेव्हा ‘चेंडूवर धीर नाही’ असा शेरा मिळतो, आणि तो धीर कोणी घालवला हे तेथे कोणी विचारत नाही. अशा प्रशिक्षकाने मैदानावर काही ठोस व्यवस्था करून ठेवाव्यात. सामन्याची पहिली दहा मिनिटे बसूनच राहावे. सहायकाशी एक खूण ठरवावी, आणि ती मिळताच पाणी पिण्यासाठी मागे जावे. सरावात मुलांच्या गटापासून दूरच्या कोपऱ्यात उभे राहावे, म्हणजे बोलायचे असल्यास चालत जावे लागते आणि तेवढ्या वेळात वाक्य बदलते.

अबोल प्रशिक्षकाकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही, परंतु त्याचा परिणामही कमी नसतो. मोठी माणसे शांततेचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेतात. दहा वर्षांचे मूल त्याच शांततेचा अर्थ ‘सर माझ्यावर नाराज आहेत’ असा घेते. अशा माणसाला भाषण करायला लावू नये, ते त्याला जमणार नाही आणि मुलांनाही पटणार नाही. त्याने प्रत्येक सरावात प्रत्येक मुलाशी नाव घेऊन निदान एक वाक्य बोलायचे असा नियम करावा. मुले येत असताना मैदानाच्या दारापाशी उभे राहिले तर अर्धे काम तेथेच होते. अबोल माणसे निरीक्षण उत्तम करतात, त्यामुळे त्यांचे ते एक वाक्य पुष्कळदा तापट माणसाच्या पन्नास वाक्यांपेक्षा नेमके असते.

विनोदी प्रशिक्षक मुलांना आवडतो आणि त्याच्याकडे गर्दीही असते. धोका थट्टेच्या विषयात आहे. एखाद्याची उंची, वजन, रंग, आडनाव, घरची परिस्थिती, बोलण्याची लकब यांवरून पडलेले नाव आपल्याकडे गावभर होते आणि लग्नापर्यंत टिकते. ज्याची थट्टा होते तोही हसतो, म्हणून प्रशिक्षकाला वाटते की त्याला चालते. नियम सोपा ठेवावा: थट्टा प्रशिक्षकाने स्वतःची करावी, मुलांची करू नये.

काटेकोर प्रशिक्षक प्रत्येक कोन मोजून लावतो, आणि खेळ दर मिनिटाला थांबवून उभे कोठे राहायचे ते दाखवतो. त्याचा सराव बाहेरून फार व्यवस्थित दिसतो, पण ध्वनिमुद्रण ऐकले तर चेंडू फिरण्यापेक्षा सर बोलण्याचा वेळ जास्त निघतो. त्याने एका खेळात फार तर दोनदाच थांबवायचे असे ठरवावे; बाकीचे निरीक्षण वहीत लिहून ठेवावे.

शेवटी, नामवंत माजी खेळाडू. त्याच्याजवळ जे ज्ञान आहे ते पुस्तकात मिळत नाही, आणि त्याने नुसता चेंडू थांबवून दाखवला तरी मुले डोळे विस्फारतात. अडचण अशी की ज्याला एखादी गोष्ट लहानपणीच सहज जमली, त्याला ती दुसऱ्याला का जमत नाही हे खरोखरच कळत नाही, आणि मग ‘आमच्या वेळी’ सुरू होते. अशा प्रशिक्षकाने आपल्याला न जमलेल्या गोष्टींविषयी मुलांना अवश्य सांगावे.

तिसरी पायरी: चुकीनंतरचे काही क्षण

प्रशिक्षकाच्या स्वभावाचा खेळाडूच्या घडणीशी सर्वांत घट्ट संबंध कोठे येतो असे विचारले, तर माझे उत्तर येथे आहे. सराव तासभर चालतो, पण मूल प्रशिक्षकाला ओळखते ते स्वतःच्या चुकीनंतरच्या दोन-तीन सेकंदांत.

याची एक परीक्षा कोणालाही करता येते. चेंडू गमावल्यावर मूल कोणीकडे पाहते ते पाहावे. चेंडूकडे किंवा जवळच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहत असेल तर ते खेळात आहे. बेंचकडे पाहत असेल तर चेंडू परत मिळवण्याचे क्षण ते परवानगी मागण्यात किंवा शिक्षेची वाट पाहण्यात घालवत आहे. संघातील चार-पाच मुले बेंचकडे पाहणारी असतील, तर दोष त्या मुलांच्या एकाग्रतेत शोधू नये.

समजा, बारा वर्षांच्या राइट बॅकने (उजव्या कडेच्या बचावपटूने) न पाहता मधल्या भागात आडवा पास दिला, तो प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि गोल झाला. ‘कितीदा सांगितलं, मध्ये पास देऊ नको!’ असे प्रशिक्षक ओरडला, तर मूल शिकते ते एवढेच की मध्ये पास देणे वाईट. पुढचे सहा महिने ते चेंडू रेषेबाहेर मारते, आणि कडेच्या बचावपटूने (फुलबॅकने) मधल्या मिडफिल्डरला शोधून खेळ उभा करायचा असतो हे शिकण्याची संधी जाते. खरी चूक पास देण्यात नव्हती, चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे न पाहण्यात होती. म्हणून प्रतिसादाचा क्रम असा ठेवावा. गोल झाल्याक्षणी काहीही बोलू नये. मुलाला झालेले कळले आहे. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी त्याचे नाव घेऊन ‘पुढचा चेंडू’ एवढेच म्हणावे. मध्यंतरात किंवा पुढील सरावात त्याला जवळ घेऊन विचारावे, ‘चेंडू येत होता तेव्हा तुला काय दिसत होतं?’ तो म्हणेल, ‘काहीच नाही, सर.’ आता प्रशिक्षकाला शिकवायला विषय मिळाला: चार विरुद्ध चार असा छोटा खेळ घ्यावा, आणि चेंडू मिळण्याआधी ज्याने मागे वळून पाहिले त्याला, पास चुकला तरी, दाद द्यावी.

एकच चूक वारंवार होत असेल आणि ती आळसाची असेल, उदाहरणार्थ चेंडू गमावल्यावर परत धावतच नसेल, तर स्पष्टपणे व ठाम शब्दांत सांगण्यात काहीच गैर नाही. मुलांना कडक प्रशिक्षक चालतो. त्यांना लहरी प्रशिक्षक चालत नाही. सोमवारी ज्या गोष्टीवर हसायचे त्याच गोष्टीवर गुरुवारी, कार्यालयात काही बिनसले म्हणून, संतापायचे, ही वागणूक रोजच्या कडकपणापेक्षा अधिक घातक आहे, कारण तिच्यातून मुलाला नियम शोधता येत नाही. मैदानावर येण्यापूर्वी दुचाकीवरच पाच मिनिटे बसून राहणारा प्रशिक्षक वेळ वाया घालवत नसतो.

गोलरक्षकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक ज्या प्रांताने देशाला दिला, तेथेही लहान वयोगटात सर्वांत मागे पडलेल्या किंवा जाड मुलाला गोलात उभे करण्याची सवय गेलेली नाही. स्ट्रायकरच्या दहा चुका विसरल्या जातात, गोलरक्षकाची प्रत्येक चूक धावफलकावर चढते. त्यामुळे त्याच्या चुकीला प्रतिसाद देताना आवाजाची पट्टी आणखी एक पायरी खाली ठेवावी, आणि बारा वर्षांखालील गटात कोणालाही कायमचा गोलात अडकवू नये.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे बंद करावे. धावणे हा ज्या खेळाचा गाभा आहे त्यातच धावण्याला शिक्षा ठरवणे हे मला कधीच समजलेले नाही.

चौथी पायरी: शाबासकी नेमकी करा

‘शाब्बास, मस्त’ हे शब्द रोज ऐकून मुलांना ऐकू येईनासे होतात. कशाबद्दल दाद दिली हे वाक्यातच असावे: ‘डाव्या पायाने थांबवलास, म्हणून तुला वेळ मिळाला.’ कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती झालेल्या मुलांनी पुढे अवघड काम टाळण्याकडे कल दाखवला, तर प्रयत्नांची स्तुती झालेल्या मुलांनी अवघड काम अधिक स्वीकारले. फुटबॉलमध्ये ‘हा जन्मजात खेळाडू आहे’ हे वाक्य पालकांसमोर व मुलासमोर सर्रास उच्चारले जाते. असा शिक्का बसलेल्या मुलाला पुढे जाऊन चुकण्याची परवानगीच उरत नाही.

पाचवी पायरी: काही निर्णय मुलांकडे द्या

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या आत्मनिर्धारणाच्या सिद्धांतानुसार माणूस मनापासून एखादी गोष्ट करत राहतो तेव्हा तीन गरजा भागत असतात: निर्णयात आपला वाटा असणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपण कोणाचे तरी आहोत असे वाटणे. सत्ता आपल्या हाती ठेवण्याची ज्या प्रशिक्षकाला सवय आहे, त्याने या पायरीवर मुद्दाम रेंगाळावे. सुरुवात लहान गोष्टींपासून करावी. वॉर्म-अप कोणता घ्यायचा हे आठवड्यातून एकदा मुलांनी ठरवावे. सरावातील शेवटच्या खेळाचे संघ त्यांनीच पाडावेत. मध्यंतरात प्रशिक्षकाने बोलण्याआधी मुलांनी दोन मिनिटे आपसांत बोलावे, आणि त्यानंतर प्रशिक्षकाने एकच गोष्ट सांगावी. टचलाइनवरून (मैदानाच्या कडेच्या रेषेवरून) ‘पास कर, मार, वळ’ असे सतत सांगणाऱ्या प्रशिक्षकाचे मूल आवाजावर चालते. प्रेक्षकांचा गोंगाट असलेल्या मोठ्या सामन्यात तो आवाज पोहोचत नाही आणि मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

भाषेचेही भान ठेवावे. आपल्या मैदानांवर कोंकणी, मराठी, हिंदी बोलणारी मुले एकत्र असतात, आणि नव्याने गोव्यात आलेल्या कुटुंबातील मुलाला विनोद शेवटी समजतो. सूचना थोडक्यात द्यावी, करून दाखवावी आणि एखाद्या मुलाला ती परत सांगायला लावावी.

सहावी पायरी: वय आणि शरीर पाहून वागणूक बदला

वयोगट १ जानेवारीपासून मोजला की जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच संघात येतात, आणि लहान वयात अकरा महिन्यांचे अंतर फार असते. त्यात वाढीचा वेगही वेगळा: उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या, तर मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, आणि तो प्रत्येकात मागे-पुढे होतो. या काळात काल जमणारे आज जमेनासे होते, पाय एकमेकांत अडकतात, गुडघ्याखाली दुखते. उतावीळ प्रशिक्षक याला निष्काळजीपणा समजतो. त्याने दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहावी. उंची एकदम वाढलेली दिसली की त्या मुलाकडून काही काळ कमी अपेक्षा ठेवाव्यात, आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांकडे पाठवावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना प्रेमळ, खेळकर माणूस लागतो. चौदा-पंधराच्या मुलांना मान देणारा आणि कारण सांगणारा माणूस लागतो. दोन्ही एकाच माणसाला जमतीलच असे नाही, आणि क्लबने गट वाटताना हे उघडपणे बोलावे.

सातवी पायरी: सामन्याचा दिवस

सामन्याच्या दिवशी ठरवलेले सर्व विसरले जाते, म्हणून त्या दिवसाचे नियम कागदावर असावेत. प्रत्येक मुलाला किती मिनिटे खेळवायचे हे आदल्या दिवशी लिहावे आणि सहायकाकडे द्यावे. स्वतःकडे ठेवल्यास गोल खाल्ल्यावर ते बदलते. बदली खेळाडू बाहेर येताना त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, विशेषतः तो चुकल्यानंतर लगेच काढला असेल तर.

पंचांशी वाद घालू नये. २०१९-२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार बेंचवरील पदाधिकाऱ्यांनाही पंच पिवळे व लाल कार्ड दाखवू शकतात, आणि दोषी कोण हे ओळखता आले नाही तर ते कार्ड तेथील सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळते. पण कार्डाहून मोठे नुकसान वेगळे आहे: सर पंचांना दोष देऊ लागले की मुलांना हरण्याचे कारण आयते मिळते आणि स्वतःच्या खेळाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

सामना संपल्यावर विश्लेषण करू नये. हात मिळवावेत, पाणी द्यावे, पुढील सरावाची वेळ सांगावी. बाकीचे दोन दिवसांनी.

गावोगावच्या आंतरग्राम स्पर्धांविषयी एक वाक्य आवश्यक आहे. कापणी झालेल्या शेतांत रंगणारे हे सामने गोव्याच्या फुटबॉलचे वैभव आहेत, परंतु चौदा-पंधरा वर्षांचा चपळ मुलगा मोठ्यांच्या संघात खेळवण्यासाठी मागितला जातो तेव्हा ‘नाही’ म्हणणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. सर्वांना खूश ठेवण्याचा ज्याचा स्वभाव आहे त्याला हे सर्वांत जड जाते. त्याने हा निर्णय क्लबच्या लेखी नियमात घालून घ्यावा, म्हणजे नकार त्याला स्वतःच्या तोंडाने द्यावा लागत नाही.

आठवी पायरी: वगळण्याची बातमी स्वतः द्या

संघातून वगळल्याचे मुलाला व्हॉट्सॲपवरील यादीतून कळता कामा नये. प्रशिक्षकाने ते समोर बसून, इतर मुलांच्या कानांपासून दूर, आणि मूल लहान असेल तर पालकांच्या उपस्थितीत सांगावे. काय कमी पडले ते एका-दोन गोष्टींत सांगावे, त्यावर काम कसे करायचे ते सांगावे, आणि पुन्हा कधी पाहू याची तारीख द्यावी. तारीख दिली की ती पाळावी. संकोची प्रशिक्षक येथे ‘बघू, पुढच्या वेळी’ असे मोघम बोलून सुटका करून घेतो, आणि मूल महिनोन्महिने त्या ‘पुढच्या वेळी’वर जगते.

नववी पायरी: पालकांशी आधीच बोला

हंगामाच्या सुरुवातीला एक बैठक पुरे. खेळण्याची मिनिटे कशी ठरतात, टचलाइनवरून सूचना का देऊ नयेत, आणि तक्रार सामन्यानंतर चोवीस तासांनी का करावी, हे शांतपणे सांगावे. दहावीच्या परीक्षेविषयी प्रशिक्षकानेच आधी बोलावे. वाळपई किंवा पेडण्याहून कदंब बसने म्हापशाला किंवा फातोर्ड्याला सरावाला येणाऱ्या मुलाचा सगळा दिवस प्रवासात जातो. परीक्षेच्या काळात आठवड्याला एकच सराव चालेल असे प्रशिक्षक स्वतःहून म्हणाला, तर पालक खेळ पूर्ण बंद करण्याची शक्यता कमी होते. जो प्रशिक्षक हट्टाने ‘सगळे सराव किंवा काहीच नाही’ म्हणतो, त्याला बहुधा दुसरे उत्तर मिळते. पावसाळ्यात मैदाने पाण्याखाली जातात आणि चतुर्थीला मुले गावी जातात, तेव्हाही गटाशी संपर्क ठेवावा.

दहावी पायरी: मर्यादा

ही पायरी स्वभावावर सोडता येत नाही. मूल एकटे असताना त्याच्याशी बंद खोलीत बोलू नये. इतरांना दिसेल अशा जागी बोलावे. मुलांना वैयक्तिक रात्रीचे संदेश पाठवू नयेत, पालक असलेल्या गटावरच लिहावे. मुलींच्या संघासोबत बाहेरगावी जाताना जबाबदार महिला सोबत असावी. मारणे, कान पिळणे, अंगावर बूट फेकणे यांना कोणत्याही कारणाने जागा नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असल्यास पोलिसांना कळवणे ही प्रत्येकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांना पाठ असावा. सर्वांना आवडणारा, प्रेमळ, ‘घरचाच’ वाटणारा प्रशिक्षक या नियमांना अपवाद नाही, आणि चांगल्या प्रशिक्षकाला तसा अपवाद नकोच असतो.

अकरावी पायरी: हंगाम संपताना

पहिल्या पानावरील यादी काढावी. जी मुले गळाली त्यांच्या घरी फोन करावा किंवा जाऊन यावे, आणि खेळ का सोडला हे विचारावे. पहिले उत्तर बहुधा अभ्यासाचे मिळेल. चहा होईपर्यंत थांबल्यास दुसरे उत्तरही मिळते. उरलेल्या मुलांना नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मागावीत: सरांनी काय चालू ठेवावे, काय बंद करावे, आणि तुम्हाला सर्वांत जास्त शिकायला कधी मिळाले. हे कागद सहायकाने गोळा करावेत, अक्षरावरून मूल ओळखण्याचा प्रयत्न प्रशिक्षकाने करू नये. पहिल्या पायरीतील पाच रकान्यांची नोंद पुन्हा एकदा करून घ्यावी आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहावी.

त्यानंतर पुढील वयोगटाच्या प्रशिक्षकाला प्रत्येक मुलाविषयी अर्धे पान लिहून द्यावे. त्यात उंचीच्या नोंदी, दुखापती, खेळलेल्या जागा, कोणत्या प्रकारच्या सूचनेने ते लवकर शिकते आणि चुकल्यावर त्याला किती वेळ लागतो, एवढे असावे. ‘आळशी’, ‘भित्रा’, ‘उद्धट’ असे शब्द त्या पानावर लिहू नयेत, कारण ते शब्द पुष्कळदा आपल्या हाताखाली ते मूल कसे वागले एवढेच सांगतात, आणि नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते वेगळे वागू शकते.